लाकडाचे पाणी



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घराचे काम बहुधा उन्हाळ्यात काढतात. रब्बीचा माल घरात आलेला असतो, गाठीला चार पैसे असतात, आणि मृगाच्या आत छप्पर पडावयास हवे असते. सुतार वैशाखात दाराची झडप चौकटीत अशी बेमालूम बसवितो की मध्ये कागद शिरू नये. तेच दार श्रावणात खांदा लावल्याखेरीज उघडत नाही. मग सुतारास बोलावणे जाते, तो कडेवरून रंधा फिरवून देतो, दार पुन्हा चालू लागते. आणि पुढच्या शिमग्याला त्या फटीतून वारा, धूळ आणि क्वचित एखादा विंचूही आत येतो. यात दोष कोणाचा, एवढाच आजचा विषय.

लाकूड तोडून, चिरून, वाळवून झाले म्हणजे ते मेले, अशी आपली समजूत असते. पण हवेशी त्याचा देवघेवीचा व्यवहार चालूच राहतो. हवेची आर्द्रता 20 टक्के असली, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडची मे महिन्याची दुपार समजा, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 4-5 टक्के पाणी उरते. आर्द्रता 85 टक्क्यांवर जाऊन तेथेच टिकली तर ते 17-18 टक्क्यांपर्यंत चढते. हे पाणी लाकडाच्या पोकळ नळ्यांत साचत नाही, नळ्यांच्या भिंतींत मुरते, आणि म्हणून भिंती फुगतात. फुगवटाही सर्व बाजूंनी सारखा नसतो. लांबीत तो जवळजवळ नाही. वर्तुळांच्या अंगाने सर्वांत अधिक, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या सुमारे निम्मा. सागासारखे शहाणे लाकूड घेतले तरी वर्तुळांच्या अंगाने चिरलेल्या फळ्यांची दोन फूट रुंद झडप हिशेबाने अर्ध्या इंचापर्यंत वाढू शकते. प्रत्यक्षात पावसाळा संपतो आणि लाकडाचे पोट पुरते भरत नाही, म्हणून थोडे निभावते. वैशाखात बसविलेले दार आपल्या सर्वांत लहान मापाचे असते. सुताराने तेव्हाच फट ठेवावयास हवी, आणि ती ठेवली तर घरधनी त्याला कामचुकार म्हणतो!

आता कोणी म्हणेल, लाकूड आणखी वाळवा. येथेच खरी गफलत आहे. वाळविणे आणि भाजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उन्हात वाळविलेली कच्ची वीट पाण्यात विरघळते. भट्टीत भाजलेली विरघळत नाही, कारण तिची मातीच पालटलेली असते. लाकूड वाळविण्याच्या भट्टीत साधारण 50 ते 80 अंश सेल्सिअस उष्णता देतात. त्याने पाणी जाते, पण पाण्याची तहान जात नाही. तीच फळी 180 ते 220 अंशांवर, हवा आत येऊ न देता, काही तास ठेवली तर निराळेच घडते. लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन अशी तीन मुख्य द्रव्ये असतात. पाण्याला हाताशी धरणारे हायड्रॉक्सिल गट हेमिसेल्युलोजमध्ये विपुल, आणि उष्णतेने प्रथम मोडते तेही हेमिसेल्युलोजच. मोडताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, म्हणून अशा लाकडाला प्रथम आंबूस, धुरकट वास येतो. पाणी धरणारे हातच कमी झाले म्हणजे लाकूड पिते कमी आणि फुगतेही कमी. भट्टी कडक असेल तर जवळजवळ निम्मे. रंग मात्र काळपट तांबूस होतो, आणि उन्हात तो टिकत नाही.

अमेरिकेत ॲल्फ्रेड स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूखाली लाकूड तापवून हे दाखविले व 1946 साली प्रसिद्ध केले. पण त्या वेळी व्यापारात ते रुजले नाही. 1990 नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये वाफेच्या आवरणात लाकूड भाजण्याची रीत पक्की झाली आणि तेथील मऊ देवदारवर्गीय लाकूड भिंतींच्या बाहेरून लावण्याजोगे झाले.

आपल्याकडे अग्नी आणि लाकूड यांची गाठ जुनीच आहे, पण तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. बैलगाडीच्या चाकावर लोहार लाल झालेली धाव चढवितो, तेव्हा धूर निघतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की चाक भाजून पक्के झाले. तसे नाही. पाणी ओतताच धाव आवळते व आरे तुंब्यात घट्ट बसतात, हे सारे काम लोखंडाचे. लाकूड वरवर होरपळते. आत ते पूर्वीसारखेच तहानलेले. म्हणून उन्हाळ्यात चाक खिळखिळे झाले की शेतकरी ते ओढ्यात भिजत घालीत. खांबाचे पुरावयाचे टोक जाळण्याचेही तेच: कोळसा कुजत नाही हे खरे, परंतु त्याखालचे लाकूड कच्चेच असते आणि जाळताना पडलेल्या भेगांतून ओल आत उतरते.

संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरव्याच्या सागाचे दार प्रत्येकास कोठून मिळणार? तो तर अभयारण्याचा मुलूख. मग बांधावरचे निलगिरीसारखे हलके-भारी लाकूड भाजून दाराखिडक्यांच्या कामी येईल काय, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की झडपेच्या आतल्या फळ्या, छताखालची तक्तपोशी, खिडकीची दारे यांना हा मार्ग करून पाहण्याजोगा आहे. तुळई, चाक, नांगर, खाटेचे पाय यांना मुळीच नाही. भाजलेल्या लाकडाची वाकण्यातली ताकद 10 ते 30 टक्क्यांपर्यंत घटते, आणि धक्का सोसण्याची शक्ती त्याहून अधिक. ते लवत नाही, कडकन् मोडते. खिळाही भोक पाडूनच मारावा लागतो. बुरशीपासून ते बरेच वाचते, पण वाळवी त्याला सोडील या भरवशावर कोणी राहू नये. आणि वखारीत कोणी ‘उष्णता दिलेला माल’ म्हणून जास्त दाम मागू लागला, तर किती अंशांवर व किती वेळ, हे विचारावे. साठ अंश म्हणाला तर तो वाळविलेला माल आहे, भाजलेला नव्हे.

येथे शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांना एक काम सांगतो. एकाच फळीचे पेटीभर काड्यांच्या आकाराचे दोन तुकडे कापा. दोन्ही 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि तोला. मग एक तुकडा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळून प्रयोगशाळेच्या भट्टीत 200 अंशांवर तीन तास ठेवा. खिडक्या उघड्या असू द्या, आणि जवळून हलू नका. गार झाल्यावर तो पुन्हा तोला, तो थोडा हलका झालेला दिसेल. नंतर दोन्ही तुकडे शाळेच्या ओसरीत, पाऊस लागणार नाही असे, टांगून ठेवा. आणि पोळ्याच्या सुमारास तराजू पुन्हा काढा.