स्वागताध्यक्षीय भाषण : वजन घटवणारी शस्त्रक्रिया, पीसीओएस आणि मासिक पाळी

एरवी एकाच रुग्णेला वेगवेगळ्या दिवशी तपासणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यविशारद, संप्रेरकतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि कुटुंबवैद्य यांना या परिषदेत एकत्र बोलावण्याचे प्रयोजन विषयातच आहे. कारण शस्त्रक्रिया जठरावर होते आणि तिचा परिणाम मासिक पाळीवर दिसतो.

पीसीओएस म्हणजे पाळी लांबणे किंवा बंद होणे, पुरुषी संप्रेरके वाढल्याने चेहऱ्यावर राठ केस येणे वा मुरमे उठणे, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात अनेक लहान पुटिका दिसणे, अशा लक्षणांचा समूह. 2003 च्या रॉटरडॅम निकषांनुसार या तीनांपैकी दोन आढळल्यास, आणि तशीच लक्षणे देणारे अन्य विकार नाहीत याची खात्री झाल्यास, निदान पक्के होते. 1935 मध्ये शिकागोतील स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हा बीजांडकोशाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढल्यावर पाळी परतते असे त्यांना दिसले होते, आणि पुढील काही दशके तोच उपचार रूढ राहिला. सुरी बीजांडकोशाकडून जठराकडे वळली, ती या विकारामागील चयापचयाचे आकलन बदलल्यामुळे.

या आकलनाच्या केंद्रस्थानी इन्सुलिन-रोध आहे. शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात स्रवते. हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त तयार करण्यास उद्युक्त करते, आणि त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे, यकृतात तयार होणारे प्रथिन कमी करते. परिणामी पुटिकांची वाढ अर्ध्यावर थांबते, स्त्रीबीज बाहेर पडत नाही, प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि पाळी पुढे जात राहते. दरम्यान गर्भाशयाचे अस्तर केवळ इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली जाड होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. जठराचा मोठा भाग काढून त्याची निमुळती नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया, किंवा जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडणारी बायपास शस्त्रक्रिया, ही साखळी इन्सुलिनच्या कडीपाशी सैल करते.

माद्रिदमधील संशोधकांनी 2005 मध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत शस्त्रक्रियेनंतर सर्वांचीच पाळी नियमित झाली किंवा स्त्रीबीज बाहेर पडू लागले. मात्र रक्तस्राव झाला म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडलेच असे होत नाही. म्हणून 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील बॅम्बिनी चाचणीत 80 स्त्रियांच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन 52 आठवडे दर आठवड्याला मोजण्यात आले, आणि वर्षभरात स्त्रीबीज बाहेर पडण्याचे मध्यक प्रमाण स्लीव्ह झालेल्या गटात सहा वेळा, तर औषधे व जीवनशैलीचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात दोन वेळा आढळले. पाळीच्या मानाने चेहऱ्यावरील केस उशिरा ओसरतात, कारण एकदा राठ झालेला केस आपले वाढीचे चक्र पूर्ण केल्याशिवाय गळत नाही. ही गोष्ट रुग्णेला आधीच सांगितली नाही, तर यशस्वी उपचारही तिला फसलेला वाटतो.

पाळी पूर्ववत होणे म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही वाढणे, आणि नेमका हाच काळ वजन झपाट्याने उतरण्याचा व लोह, फोलेट, बी-12 आणि ड जीवनसत्त्व कमी पडण्याचा असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणाचा भरवसा कमी असल्याने तांबीसारखे साधन सुचवले जाते. ‘आपल्याला मूल होणार नाही’ अशा समजुतीत अनेक वर्षे काढलेल्या स्त्रीला हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगणे अगत्याचे आहे; म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सहभाग शस्त्रक्रियेचा निर्णय होण्यापूर्वीच हवा.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक भान आवश्यक आहे. मुंबईतील किशोरवयीन व तरुण मुलींच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रॉटरडॅम निकषांनुसार पीसीओएस आढळलेल्यांपैकी सुमारे 72 टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया नव्हेच. दुसरीकडे, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवल्याप्रमाणे भारतीय शरीर बारीक दिसूनही चरबी बाळगून असते, त्यामुळे काट्यावरचा आकडा पाहून निर्धास्त राहता येत नाही. उंचीच्या तुलनेत वजन दर्शवणाऱ्या बीएमआयची शस्त्रक्रियेसाठीची सर्वसाधारण मर्यादा 35 असताना, 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी ती 27.5 सुचवली, याची पार्श्वभूमी हीच आहे. मर्यादा खाली आल्याने निवडीची जबाबदारी मात्र वाढली आहे.

कोणत्या रुग्णेला शस्त्रक्रिया सुचवावी, कोणाला औषधे व आहारनियमन पुरेसे आहे, आणि वजन पुन्हा वाढल्यास पाळीचे काय होते, या प्रश्नांवर येथे मोकळेपणाने मतभेद व्हावेत अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.