कुत्रा ऐकत नाही, कारण...

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात मी राहतो. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण शेजाऱ्यांच्या लेखी जनावरांचा डॉक्टर कधी निवृत्त होत नसतो. सकाळी फाटकाशी कुणीतरी साखळी धरून उभं असतंच. गोचीड, खरूज, जखम हे तर नेहमीचं. अलीकडे मात्र एक तक्रार फार ऐकू येते : "डॉक्टरसाहेब, हा ऐकतच नाही हो आमचं!"

अशा वेळी मी कुत्र्याकडे नंतर बघतो, आधी घरच्यांचं बोलणं ऐकतो. आमचा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा. एकाच घरात आजी पोवारी बोलते, वडिलांची बाजारातली सवय हिंदीची, आईची मराठी, आणि मुलं कॉन्व्हेंटची. अशा एका घरातलं पिल्लू माझ्यापुढे आणलं होतं. आई म्हणाली, "बस!" वडील म्हणाले, "बैठ!" मुलगा म्हणाला, "सिट!" आणि आजीनं आपल्या बोलीत त्याला काहीतरी लांबलचक समजावलं. पिल्लू चौघांच्या तोंडाकडे बघत उभंच राहिलं. यात त्याचा काय दोष?

कुत्र्याला भाषा येत नाही, आवाज येतो. एका आवाजानंतर काय घडतं, एवढंच तो लक्षात ठेवतो. रशियाचे पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. पण जगाच्या लक्षात राहिले ते त्यांचे कुत्रे, जे खाण्याआधीच्या खुणेनंच लाळ गाळू लागले होते. तुमच्या घरातला शब्द ही तशीच खूण आहे. ती कोणत्या भाषेतली आहे याला महत्त्व नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच असली पाहिजे. तेव्हा आधी घरच्यांनी एकत्र बसून चार शब्द ठरवा : बस, थांब, ये, सोड. कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. आजींनाही सांगा. त्या कुटुंबानं 'बस' ठरवला, आणि सगळ्यांत आधी तो पाठ झाला आजींना!

शिकवायची रीत सोपी आहे. उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरायचा आणि हात हळूच त्याच्या डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर झाली की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकताक्षणी तुकडा आणि शाबासकी द्यायची. दोन-तीन दिवसांत हे जमू लागलं की हात हलवण्याच्या आधी 'बस' म्हणायचं. क्षणाचा उशीरही चालत नाही. तुम्ही डबा उघडेपर्यंत तो उठून उभा राहिला, तर बक्षीस उभं राहण्याला मिळतं. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं पुरे. तास-तास शिकवणी घेतली की तो कंटाळतो, आणि तुम्हीही चिडता.

आता मारण्याबद्दल. "साहेब, धाकात ठेवल्याशिवाय कुत्रा राहत नाही" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. त्याला शास्त्राचा आधारही दिला जात असे : लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून घरात आपण म्होरक्या व्हायचं. या कल्पनेचं मूळ १९४७ साली शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. अमेरिकेतले डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर नेली. आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर, १९९९ मध्ये, त्याच मेक यांनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. सत्तेची मारामारी नव्हे, कुटुंब! आमच्याकडे ही दुरुस्ती अजून पोहोचायची आहे.

घरात लघवी केली म्हणून तासाभरानं त्याचं नाक फरशीवर घासणारे लोक आहेत. कुत्र्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. हाक मारून जवळ बोलवायचं आणि चोप द्यायचा, ही त्याहून वाईट रीत. त्यातून तो एवढंच शिकतो की 'ये' म्हटलं की जायचं नाही. मग एखाद्या दिवशी तो रस्त्यावर ट्रकसमोर धावतो, आणि तुम्ही घसा फोडून 'ये, ये' म्हणत राहता.

वयाचंही एक गणित आहे. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्यांना दिसलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याची पुढे भीती. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन का होईना, त्याला गिरणीचा आवाज, रेल्वेची शिटी, शाळा सुटल्यावरची पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा हे सगळं दाखवा. रोवणीच्या दिवसांत डोक्यावरून प्लास्टिक पांघरलेल्या बाया बांधीकडे निघाल्या की गावातले कुत्रे त्यांच्या अंगावर धावतात. त्यांनी माणसाचा तो आकार लहानपणी पाहिलेला नसतो, इतकंच.

दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा राखण चांगली करतो हाही एक गैरसमज. तो भुंकतो खूप, कारण त्याला दुसरं काही करताच येत नाही. आणि सुटला की पहिल्या दिसेल त्याला चावतो. बहुधा शेजारचं लहान मूल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून नोंदलेले आहेत. फिरवायला मात्र वेळ बघून निघा. मे महिन्यात हाताची पालथी बाजू पाच सेकंद डांबरावर ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. आणि कृपा करून या उन्हात बर्फातला हस्की आणू नका. गावठी पिल्लू आणा. तितकंच हुशार असतं, आणि ऊनही सोसतं.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, तेल काही लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं अजूनही काही लोक टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं असतात.

जाता जाता, नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न : आठ-नऊ वर्षांचा कुत्रा नवं शिकतो का? शिकतो, वेळ थोडा जास्त लागतो. पण आधी त्याच्या पाठीमागे उभं राहून एकदा टाळी वाजवून पाहा. म्हातारपणी हट्टी झाला म्हणून माझ्याकडे आणलेले काही कुत्रे हट्टी नव्हते, बहिरे झाले होते. त्यांना मग आम्ही हाताच्या खुणा शिकवल्या.