पट्टे कोठून सुरू होतात?

पावसाळा लागला की सह्याद्रीच्या आसपासच्या धर्मशाळांतून आणि डाकबंगल्यांतून मुक्काम करणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीस काळसर अंगाचा व पांढऱ्या पट्ट्यांचा साप पडतो, आणि 'मण्यार, मण्यार' अशी जी हाकाटी उठते तिच्यात पुष्कळदा एका निरुपद्रवी जीवाचा हकनाक बळी जातो. तो जीव म्हणजे कवड्या. पालींच्या मागावर भिंती चढणारा हा सडपातळ साप बिनविषारी, तर मण्यार आपल्या देशातील अत्यंत जहाल विषाच्या सर्पांपैकी एक. म्हणून दोहोंतील भेद प्रत्येक प्रवाशास अवगत असावा, असे मला मनापासून वाटते.

कवड्याचे पट्टे मानेपासूनच आरंभ पावतात व शेपटीकडे जाता जाता पुसट होतात. मण्यारीच्या निळसर काळ्या, तकतकीत अंगावर मात्र डोक्यामागचा बराचसा भाग कोरा असून, पुढे बहुधा जोडीजोडीने येणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा शेपटीपर्यंत ठळक होत जातात. आंबोलीच्या एका विश्रामगृहात चौकीदाराने कंदील उंच धरला, तेव्हा चुना निघालेल्या चिऱ्यांच्या सांध्यात तपकिरी अंग रुतवून असाच एक कवड्या स्तब्ध होता. चपटे डोके पालीकडे रोखलेले, आणि मानेवरचा फिकट पट्टा त्या उजेडात स्पष्ट दिसत होता. चौकीदाराची उगारलेली काठी मी विनवणी करून थोपविली, याचे मला आजही समाधान आहे.

मण्यारीच्या कण्यावरील खवल्यांची ओळ शेजारच्या खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते, ही खूण शास्त्रज्ञांना मोलाची. परंतु ती पाहण्यासाठी जवळ वाकावे लागते, म्हणून प्रवाशास मी ती मुळीच सुचविणार नाही. शिवाय मण्यारीच्या पिलांचे पट्टे कधीकधी थेट मानेजवळून सुरू होतात. तेव्हा शंका येताच साप मण्यारच आहे असे समजून दूर व्हावे आणि माहीतगार माणसास बोलवावे.

मण्यार निशाचर आहे, आणि तिचा दंश बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसास होतो. दात इतके बारीक की व्रण सापडत नाही, सूज येत नाही, वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळवत नाही, आणि अखेरीस श्वास कोंडतो. म्हणून मुक्कामी खाटेवर निजावे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ न दवडता, जखम न कापता, रोग्यास न चालविता, तडक सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकच लस चालते व डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवितात. त्यासाठी साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नाही. पापण्या केव्हा जड झाल्या, तेवढे मात्र त्यांना अचूक सांगावे.