होडी मुलाच्या मापाची
(हीरक महोत्सवातील भाषण)



अहिल्यादेवींच्या महेश्वरी, नर्मदेच्या सहस्रधारेवर २०२३ साली ‘खेलो इंडिया’च्या कॅनो स्लॅलम स्पर्धा झाल्या. खळाळत्या पाण्यातील या होडीचे मूळ एका खोडातून कोरलेल्या डोंग्यात आहे. पुढे ती फायबरग्लासची, मग कार्बन फायबरची झाली. २००५ मध्ये तिची किमान लांबी ४ मीटरवरून ३.५ मीटर झाली. स्लॅलममधील महिलांच्या कॅनोला मात्र ऑलिंपिकसाठी टोकियोपर्यंत थांबावे लागले.

कॅनोत गुडघे टेकून बसतात. कंबर व गुडघ्यांच्या मापाने आत फोमच्या गाद्या कापून बसवतात, तेव्हाच अंग कलताच होडी कलते. वाढत्या अंगाचा म्हणून गणवेश आपण सैल घेतो. सैल होडी मात्र प्रवाहात ऐकत नाही. मांड्यांवरचा पट्टा घट्ट हवा, पण होडी उलटल्यास एका ओढीत सुटायलाही हवा.

रायपुरात मराठी माध्यम कशासाठी, असे पालक विचारतात. पहिली होडी मुलाच्या मापाची असावी, एवढ्यासाठी. हिंदी-इंग्रजीचे प्रवाह पुढे आहेतच. पट्टा आम्ही नीट बांधू. तो वेळेवर सोडता यावा, हेही शिकवू. या कामी आपली साथ असावी, ही विनंती.