दात खरे, जबडा खोटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात घडले तेवढेच सांगते.

गेल्या वर्षी माझ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून एका प्रदर्शनातून दगड झालेला जबडा आणला. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या मोसासॉर नावाच्या सरपटणाऱ्या प्राण्याचा, मोरोक्को देशातला. धूळ निघावी म्हणून मी तो पाण्यात ठेवला. तासाभरात जबड्याची वाळू झाली आणि तळाशी चार दात उरले! मुलगा रडू लागला. मी दात घेऊन त्याच्या मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "दात खरे आहेत. तिकडे फॉस्फेटच्या खाणींत असे दात पुष्कळ सापडतात. वाळू व डिंक यांचा जबडा करून त्यात ते बसवतात."

मग त्यांनी मेरी ॲनिंगची हकीकत सांगितली. इंग्लंडात लाइम रीजिस गावी १७९९ साली सुताराच्या घरी ती जन्मली. १८१० साली वडील वारले, मागे कर्ज राहिले. पावसापाण्याने समुद्रकाठचे कडे ढासळले की ती दगडातली हाडे शोधी व विकून घर चालवी. शाळा जेमतेम, पण मासे व माकूल चिरून आतली रचना ती ताडून पाही. १८२३ साली तिला लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा अखंड सांगाडा मिळाला. चित्र पाहून पॅरिसच्या क्युव्हिए या थोर पंडिताला शंका आली, दोन प्राणी जोडले तर नाहीत? १८२४ साली लंडनच्या भूशास्त्र सभेत खल झाला. सांगाडा अस्सल ठरला, पंडितांनी चूक कबूल केली. मात्र तेथे वाचलेल्या निबंधात मेरीचे नाव नव्हते! १९१९ पर्यंत त्या सभेत स्त्रियांना सभासदही होता येत नसे. गावात तिचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

आता आमचे चार दात काडेपेटीत कापसावर ठेवले आहेत. मुलाने वर चिठ्ठी चिकटवली आहे: "दात खरे. जबडा खोटा. शोधून काढले आईने."

भगिनींनो, ती शेवटची ओळ वाचून मला काय वाटले ते सांगता येत नाही. आपल्या मंडळाच्या दप्तरात देणगीदारांची नावे आहेत. पापड लाटणाऱ्यांची नाहीत. यंदापासून तीही लिहू या, एवढीच विनंती.