दवाखान्यांतील नऊ प्रश्न



पाठ दुखते, झोंप लागत नाहीं, अन्नावर वासना नाहीं, अशी तक्रार घेऊन एखादी प्रौढ गृहिणी डॉक्टरांकडे जाते. नाडी, रक्त, सारें तपासून होतें. दोष सांपडत नाहीं. मग शक्तीचें औषध घेऊन ती घरीं परतते. मन खचलें आहे असें ती बोलत नाहीं, कारण तसें बोलण्याची आपल्या घरांत रीत नाहीं. आणि डॉक्टरहि विचारीत नाहींत. खिन्नतेचा विकार असा दोघांच्या मौनांत दडून राहतो.

यासाठीं अमेरिकेंत स्पिट्झर, क्रोंके व विल्यम्स यांनीं सिद्ध केलेली नऊ प्रश्नांची यादी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलें काय, कशांत रस वाटेनासा झाला काय, झोंप, भूक, थकवा कसा, असे ते प्रश्न. प्रत्येकास शून्य ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक झाल्यास डॉक्टरांनीं नीट चौकशी करावयाची. गुण म्हणजे निदान नव्हे. ताप मोजल्यानें तापाचें कारण कळत नाहीं. नववा प्रश्न मात्र वेगळा: मरून जावें असें वाटतें काय? तेथें होकार आला तर बेरजेची वाट न पाहतां त्याच बैठकींत बोललें पाहिजे.

सर्वच प्रौढांना हें विचारावें काय? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळानें २०१६ सालीं होय म्हटलें. कॅनडाच्या मंडळानें २०१३ सालीं नको म्हटलें होतें. माझ्या मतें खरा प्रश्न पुढचा आहे. विचारल्यावर करावयाचें काय?

याचें उत्तर आपल्या शेजारीं गोव्यांत शोधण्यांत आलें. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी व निम्मे खासगी, केलेला प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. प्रश्न सर्वत्र विचारले. अर्ध्या दवाखान्यांत मात्र डॉक्टरांच्या जोडीला, डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले सल्लागार दिले. खिन्नता वा चिंता यांनीं पीडित असे सरकारी दवाखान्यांतील रुग्ण सहा महिन्यांनीं पाहिले, तों सल्लागार असलेल्या ठिकाणीं शेंकडा सुमारें ६६ बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणीं सुमारें ४३. खासगी दवाखान्यांत हा फरक दिसलाच नाहीं. तेथें दोन्हीकडे शेंकडा ६५च्या आसपास रुग्ण सुधारले. तेथील डॉक्टर आपल्या रुग्णांना आधींपासूनच जवळून ओळखत असावेत, असा एक तर्क आहे.