उत्तर कसे आले?



या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. मुलगा शाळेत यावा, ही तेव्हाची चिंता. आलेला मुलगा मनाशी कसा विचार करतो, ही आम्हां शिक्षकांची आजची चिंता.

संस्थेच्या सायंकाळच्या वर्गातील मुले घरी मराठी किंवा उर्दू बोलतात, बाहेर गुजराती. परीक्षेत गुण कमी पडले की ‘मला डोकेच नाही’ असा निकाल ती स्वतःच देऊन मोकळी होतात. आम्हांला झगडावे लागते ते या निकालाशी.

४०२ मधून १५६ वजा करावयाचे आहेत. मुलगा उत्तर आणतो ३५४. लाल फुली मारणे सोपे आहे. परंतु ‘बाळ, हे कसे केलेस ते सांग पाहू’ असे विचारले की उलगडा होतो. वर कोणता आणि खाली कोणता हे न पाहता त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. म्हणजे डोके आहे, नियमही आहे. नियम तेवढा चुकीचा! मग आम्ही उत्तर सांगत नाही. ३५४ मध्ये १५६ मिळव, एवढेच म्हणतो. ५१० येतात. मुलगा वहीकडे पाहत राहतो. त्या वेळी गप्प बसणे आम्हां मास्तर मंडळींना फार जड जाते.

पाठांतराला हल्ली सरसकट नावे ठेवतात, ते आम्हांस पटत नाही. हिफ्ज करणारा मुलगा उस्तादांना सबक न पाहता ऐकवितो. वेदपाठी बटूही संथा तशीच म्हणून दाखवितो. अर्थाचा प्रश्न निराळा. पण आपण कोठे अडतो हे त्याला तेथल्या तेथे कळते. धडा दहादा डोळ्यांखालून घालणाऱ्याला फक्त सारे आल्याचा भरवसा वाटतो. अमेरिकेत रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली हे पडताळून प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवणारे.

संस्था शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिका पाहते. जरूर पाहावी. पण भरल्या वर्गात ‘कसे केलेस?’ हे प्रत्येकाला विचारण्यास वेळ उरत नाही. म्हणून आमची विनंती अशी की, महोत्सवाच्या निधीतून वह्यांच्या जोडीला, आठवड्यातून दोन संध्याकाळी येणाऱ्या आणखी एका शिक्षकाची सोय व्हावी. त्याने नवा धडा शिकवू नये. मुलाशेजारी बसून त्याचे ऐकावे.